नव्या मोटारीचा मुखरू डायवर

चांद्याजवळच्या मूल गावात भैयाजींच्या धानगिरणीच्या फाटकातून नवी कोरी मोटार आत आली, तेव्हा गिरणीतल्या हमालांनी पोती तशीच खाली टाकली आणि सगळे अंगणात धावले. मोटारीचा रंग मोरपंखी होता. तिच्या आरशात तोंडं पाहून बाया हसत होत्या. भैयाजी मागच्या दारातून उतरले आणि धोतराचा सोगा सावरून सगळ्यांच्या मध्ये उभे राहिले. पुढच्या दारातून मुखरू उतरला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने काचेवरची धूळ पुसली, मोटार गाडीखान्यात लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि बाजूच्या खोलीत जाऊन भाताचं आंधण ठेवलं.

मुखरू मूळचा सावली गावाकडच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती, एक मोठा भाऊ. लढाईच्या वर्षांत भरतीवाले आले आणि तो त्यांच्याबरोबर गेला. फौजेत त्याला लॉरी चालवायला शिकवलं. आसामातल्या चिखलाच्या डोंगरवाटांवर तो दारूगोळा आणि जखमी माणसं वाहत फिरला. किती परक्या माणसांना त्याने दवाखान्याच्या तंबूपर्यंत पोचवलं, याची त्यालाही आठवण नव्हती. लढाई संपली आणि तो गावी परतला, तेव्हा भाऊ धानाच्या बांधीत उभा होता. त्याने तिथूनच सांगितलं, "कमळा गेली ना बापा. तापानं गेली. तुले कुठी कळवावं, हेच समजलं नाई."

कमळा म्हणजे मुखरूची बायको. लग्नानंतर दोघांनी जेमतेम एक पावसाळा एकत्र काढला होता. तापात तिला बैलगाडीत घालून मूलला न्यायचं ठरत होतं, पण पेरणीचे दिवस होते आणि बैल मोकळे नव्हते, असं त्याला मागाहून शेजारच्या बाईकडून कळलं. भावाशी तो भांडला नाही. थोडे दिवस राहिला आणि मूलला निघून आला.

तेव्हापासून तो भैयाजींकडेच होता. आधी गिरणीचा ट्रक चालवायचा, आता मोटार. तोंडाने मोठा अबोल. कोणी विचारलं तर "हो जी", नाहीतर "नाई जी". दिवाळीला भावाकडे जायचा, पुतण्यांना खाऊ द्यायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचा. गिरणीतले लोक म्हणत, हा माणूस लढाईतून आला, पण जीभ तिकडंच विसरला.

मोटार आल्यावर मात्र त्याच्या दिवसाला काहीतरी आकार आला. सकाळी उठून तो तिचं पाणी पाहायचा, तेल पाहायचा, आतल्या गाद्या झटकायचा. किल्ली फिरवली की समोरच्या काळ्या फळीवर गुंजेएवढी लाल बत्ती लागायची आणि इंजिन धरलं, सुरू झालं की विझायची. ती विझली की मुखरू हलकेच मान हलवायचा आणि गाडी काढायचा.

दिवाळी झाली आणि किरकोळ दुखणी सुरू झाली. मागच्या दाराची मूठ भैयाजींच्या हातात आली. एका खिडकीची काच घसरून दारात गडप झाली ती वर येईना. भैयाजी हसले. "नवी नवरी बी आधी रुसतेच," म्हणाले. मुखरूने मूठ बसवली, काच ओढून खाली लाकडाचं फाचर ठोकलं.

मग एका दुपारी चांद्याहून येताना, केळझरच्या जंगलात, चालत्या गाडीत ती लाल बत्ती लागली. मुखरूने गाडी थांबवली, बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा ताठ होता. पाणी होतं, तेल होतं. परत येऊन पाहिलं तर बत्ती विझलेली.

"काय झालं रे?" भैयाजींनी मागून विचारलं.

"लाल बत्ती लागली होती जी. डायनामो काम सोडून राह्यला असन. बॅटरी भरत नसन."

"कुठी हाय बत्ती?"

"आता नाई."

"मंग चाल ना!"

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा लागली. मग दोन-तीन दिवस काही नाही. मग सिंदेवाहीच्या रस्त्यावर कोसभर लागून राहिली. मुखरूने नागपूरला एजन्सीत जायचा हट्ट धरला. त्याने आयुष्यात हट्ट असा क्वचितच धरला असेल, म्हणून भैयाजी निघाले. एजन्सीतल्या कोटवाल्या साहेबांनी गाडी दिवसभर ठेवून घेतली. त्यांच्या माणसाने ती सगळ्या नागपुरात फिरवली. बत्ती एकदाही लागली नाही.

"नव्या गाडीला काय होतंय?" साहेब भैयाजींना म्हणाले. "काचेवर ऊन पडलं की बत्ती लागल्यासारखी दिसते. तुमच्या ड्रायव्हरची नजर चुकली असेल."

परतताना नागभीडच्या अलीकडे बत्ती लागली. भैयाजी मागे घोरत होते. मुखरूने गाडी चालवत ठेवूनच हाक मारली. "भैयाजी, पाहा जी! पाहा!" भैयाजी दचकून उठले, पुढे वाकले, चष्मा शोधला आणि डोळ्यांवर चढवला. तोवर काच काळी झाली होती.

"मुखरू," ते शांतपणे म्हणाले, "तुले लढाईतले भास होऊन राह्यले काय रे?"

मुखरू गाडी चालवत राहिला. पण त्या दिवसापासून त्याचं त्यालाच खरं वाटेनासं झालं. गाडीखान्यात गाडी सुरू करून तो त्या गुंजेकडे टक लावून बसायचा. दुसऱ्या कोणाला तरी दाखवावं, "तुले बी दिसते का?" एवढंच विचारावं, असं वाटायचं. पण विचारावं तरी कोणाला? हमाल हसले असते. भाऊ म्हणाला असता, मोटारीत बसून बसून डोकं फिरलं.

शेवटी भैयाजींना ती दिसली, तीही नको त्या वेळी. चांद्याचे दोन व्यापारी गाडीत होते. भैयाजी मोटारीचं गुणगान गात होते आणि पुढे बसलेला व्यापारी म्हणाला, "हे लाल काय लागून राह्यलं?" भैयाजींचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यांनी बिडीच्या बंडलाचा कागद फाडला, खळ लावली आणि आपल्या हाताने बत्तीवर चिकटवला.

"आता तुले बी दिसत नाई अन् मले बी दिसत नाई," ते म्हणाले. "संपला इषय."

मुखरूला मात्र कागदाच्या कडेने लाल रेघ दिसायचीच. पण मनातून त्याला थोडं हायसंही वाटलं होतं. निदान भास तरी नव्हता.

माघात भैयाजींनी जंगलाच्या ठेक्यात उतरायचं मनावर घेतलं. सागवान पाहायला आलापल्लीकडे जायचं ठरलं. मुखरू म्हणाला, "भैयाजी, ट्रकनं जाऊ जी. तिकडं जंगलात बंद पडली तर कोनी नाई." भैयाजींना ट्रकमधून जाऊन ठेकेदारांपुढे उभं राहायचं नव्हतं. मोटारच निघाली. नावेवर चढवून तिने वैनगंगा ओलांडली. आष्टी गेलं, आलापल्ली गेली, आणि सिरोंचाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी साग उभा राहिला. पानं वाळून गळत होती. चाकांखाली ती सारखी कुरकुरत होती.

कागदाच्या कडेची लाल रेघ आलापल्लीपासूनच लागून होती. भर दुपारी, एका चढावर, इंजिनाने दोन-तीन उचक्या दिल्या आणि गाडी गप्प झाली. मुखरूने हँडल घालून फिरवलं. घाम निथळेपर्यंत फिरवलं. बॅटरीत जीव उरला नव्हता.

त्याने हँडल काढून जागेवर ठेवलं. भैयाजी उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. थोड्या वेळाने सागाच्या लाकडांनी भरलेला एक ट्रक आलापल्लीकडे जाताना दिसला. भैयाजी त्यात चढले आणि खिडकीतून म्हणाले, "मी मिस्त्री घिऊन येतो. गाडी सोडून कुठी जाजो नोको. नवी गाडी हाय, समजलं?"

"हो जी."

ट्रकचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग तोही जंगलात मिसळून गेला.

पहिल्या दिवशी मुखरू वाट पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीही. शिदोरी संपली. रस्त्याखालच्या उतारावर गोंडांची सात-आठ घरं होती, तिथून धूर दिसायचा. पण तिथलं कोणी वर येत नव्हतं. मोटारीतून येणारी माणसं म्हणजे ठेकेदार, नाहीतर साहेब. त्यांनी बोलावलं की ओझी वाहावी लागतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. शेवटी मुखरूच लोटा घेऊन उतरला.

एका अंगणात एक बाई मोहाची वाळलेली फुलं निवडत बसली होती. केस पिकलेले, दंडावर गोंदण. तिचं नाव बुधरी. आलापल्लीच्या बाजारात जाऊन-येऊन तिला मराठी बऱ्यापैकी बोलता यायचं.

"पानी पाहिजे बाई," मुखरू म्हणाला.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एर? पानी?" म्हणाली. "झऱ्याले हाय. घे. माह्या गागरी बी भर."

मुखरूने तिच्या दोन्ही गागरी भरून आणल्या. तेव्हा तिने द्रोणात आंबील दिली. दुसऱ्या दिवशी तिने कुऱ्हाड दाखवली आणि त्याने सरपण फोडलं. असं चालू झालं. फुकट ती काही देत नव्हती आणि मुखरूला ते बरं वाटायचं. कोणाचे उपकार त्याला सोसत नसत.

बुधरीचा नवरा जंगू घरात खाटेवर पडून असायचा. तापाने अंग मोडलं होतं. गावच्या पुजाऱ्याने झाडपाला दिला होता, देवाला कोंबडं बोललं होतं. अंगात थोडी धग कमी असली की जंगू खाट बाहेर काढायला लावायचा आणि वरच्या मोटारीकडे पाहून बुधरीला गोंडीत काहीतरी म्हणायचा. एकदा ती हसली.

"काय म्हनतो?" मुखरूने विचारलं.

"म्हनतो, ते बी पडली, मी बी पडलो. आधी कोन उठते, पाहू."

मुखरूही हसला. किती दिवसांनी हसला, कोण जाणे. त्या संध्याकाळी गाडीच्या पायरीवर बसून तो बराच वेळ त्या घरातल्या धुराकडे पाहत राहिला. मूलहून कोणी आलं नव्हतं. निरोप नव्हता. रोज एखाददुसरा ट्रक जायचा, तो हात करून विचारायचा, "मूलचे भैयाजी कुठी दिसले का?" ट्रकवाले मान हलवून पुढे जायचे. आपण इथे आहोत हे भैयाजींना आठवत असेल का, असं त्याच्या मनात येऊ लागलं. मग वाटायचं, आपल्याला विसरतील, गाडीला कसे विसरतील?

एका सकाळी बुधरी स्वतः चढ चढून वर आली. याआधी ती कधी आली नव्हती. तिने मोटारीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"माहा मानूस बोलत नाई," ती म्हणाली. "डोळे फिरवते. तुही गाडी चालन का?"

"नाई बाई. बंद हाय."

"उतारावरून ढकललं तर? बैलगाडी चालते."

मुखरूने आलापल्लीकडच्या उताराकडे पाहिलं; ट्रक कधी येईल याचा नेम नव्हता. मग खाली, त्या खाटेकडे. गाडीपाशी थांबायला त्याला सांगितलं होतं. पण सांगणारा मूलमध्ये होता आणि ही बाई पुढ्यात उभी होती. त्याने दुपट्टा डोक्याला बांधला. "मानसं बोलाव," म्हणाला.

गावातले लोक आले. गाडीचं तोंड आलापल्लीकडे फिरवायला सगळ्यांनी जोर लावला. जंगूला मागच्या गादीवर निजवलं, बुधरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. खाट त्यांनी टपावर बांधली. तसं करा म्हणून बुधरीनेच सांगितलं होतं. इतके दिवस उभी राहून बॅटरीत थोडा जीव आला असेल, ही मुखरूची एकच आशा होती. उतार लागला, माणसांनी पळत पळत ढकलली, मुखरूने गिअर टाकला. गाडीने हिसका दिला, धूर सोडला आणि इंजिन धरलं. मागून लोक ओरडले.

मुखरूने डाव्या हाताच्या नखाने बत्तीवरचा कागद ओरबाडून काढला. बत्ती धडधडीत लाल होती. तो तिच्याकडे पाहत आणि रस्त्याकडे पाहत गाडी हाकत राहिला. हॉर्न वाजवला नाही, वेग वाढवला नाही. जेवढी ताकद उरली होती, ती सगळी त्याला इंजिनालाच द्यायची होती. "चाल माय, चाल," तो पुटपुटत होता. कोसभर गाडी चालली. मग एका कोरड्या नाल्याच्या वाळूत तिने मान टाकली.

मुखरूने स्टिअरिंगवर एकदा कपाळ टेकलं. तेवढंच. मग उतरून टपावरची खाट सोडली. मागून धावत आलेल्या चौघांपैकी एकजण लंगडत होता. त्याच्या जागी खांदा मुखरूने दिला. दारं उघडीच राहिली. नवी मोटार वाळूत सोडून ते आलापल्लीजवळच्या अहेरीच्या दवाखान्याकडे निघाले. बुधरी खाटेबरोबर चालत होती आणि पळसाच्या पानाने नवऱ्याच्या तोंडावरच्या माश्या वारत होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा जंगू जिवंत होता. डॉक्टरांनी सुई दिली, दोन दिवस धडपड केली. तिसऱ्या दिवशी तो गेला. बुधरी मोठ्याने रडली, मग उठून तिने तोंड धुतलं आणि माणसांना खाट उचलायला सांगितली. गावात नेऊन त्याला पुरायचं होतं. मुखरूने पुन्हा खांदा दिला.

परतताना नाल्यापाशी एक जीप उभी दिसली. भैयाजी आले होते. पार वाळले होते, गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता. आलापल्लीहून घरी पोचल्याबरोबर हिवतापाने त्यांना धरलं होतं. शुद्धीवर येऊन हिंडू-फिरू लागले आणि नागपूरचा मिस्त्री घेऊन निघाले. चढ अजून कोसभर पुढे होता. अलीकडेच नाल्यात मोटार दारं उघडी टाकलेली, गादीवर माती आणि पाला. त्यांच्या मनात काय काय आलं असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मुखरूने खाट दुसऱ्याच्या खांद्यावर दिली आणि पुढे येऊन उभा राहिला.

"हे काय रे?" भैयाजी म्हणाले.

"मानूस बिमार होता जी. दवाखान्यात नेत होतो."

भैयाजींनी खाटेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मिस्त्री बॉनेटमधून डोकं वर काढून म्हणाला, "सेठ, ये देखो. डायनामो का पतला तार. ऊपर से साबुत, अंदर से टूटा हुआ. कभी लगता था, कभी नहीं. कारखाने से ही ऐसा आया होगा." त्याने तार वाकवून दाखवली. बोटभर तार. तिच्यावरचं कापडी कवच अगदी नवं होतं.

मुखरूने ती तार पाहिली. मग भैयाजींकडे पाहिलं.

"तारेचं ठीक हाय," भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "बत्तीचं तू खरं बोलत होता. पन मी तुले एकच गोष्ट सांगितली होती, मुखरू. गाडी सोडून जाजो नोको म्हणून. मी तापात पडून गाडीचा घोर करू, अन् तू अशी टाकून जाशीन, तर मी भरोसा कोनावर ठेवू?"

आपण इथे किती दिवस एकटे होतो, काय खाल्लं, हे भैयाजी विचारतील असं मुखरूला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

"मूलले पोचव," भैयाजी म्हणाले. "मंग तू तुह्या वाटेनं जा."

"हो जी."

बुधरी आणि तिची माणसं खाट घेऊन पुढे निघाली होती. तिने मागे वळून पाहिलं की नाही, हे मुखरूला दिसलं नाही. तो गाद्या झटकत होता. मिस्त्रीने नवी तार जोडली. किल्ली फिरवल्यावर बत्ती लागली, इंजिन धरल्यावर विझली, आणि मूलपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात पुन्हा लागली नाही. मुखरूने ती मोटार आयुष्यात इतकी छान कधी चालवली नव्हती. गाडीखान्यात लावून त्याने ती धुतली, पुसली, चाकांतली नाल्याची वाळू काढली. किल्ली खिळ्याला अडकवली. खोलीतलं गाठोडं उचललं आणि फाटकाबाहेर पडला. हमाल पोती उतरवत होते. एकाने विचारलं, "कुठी चाललास?" तो म्हणाला, "इथीच."

सावलीला भावाकडे तो गेला नाही. आलापल्लीच्या लाकूड डेपोत त्याला ट्रक मिळाला. लढाईतला जुना ट्रक; त्याच्या फळीवरचे सगळे काटे मेलेले, बत्ती एकही नाही. इंजिनाचा वास आणि आवाज एवढ्यावर तो चालवायचा. सिरोंचाच्या वाटेवर त्या चढाशी आला की थांबायचा. बुधरी अंगणात असली तर वर यायची, पाणी द्यायची, कधी मीठ, कधी रॉकेल आणायला सांगायची. दोघं गाडीच्या सावलीत थोडा वेळ बसायची. बोलणं फारसं नसायचं. तिला जंगूचं बोलायचं असायचं आणि त्याच्यासाठी लागणारी मराठी तिच्याजवळ नव्हती. मुखरूला कमळाचं बोलता आलं असतं. एकदा त्याने सुरुवातही केली होती. "माही बायको बी तापानंच..." एवढं म्हणून थांबला. बुधरीने पुढचं विचारलं नाही. तिने लोटा पुन्हा भरून दिला.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या साली मोह वेचून झाल्यावर बुधरी गाठोडं आणि एक शेळी घेऊन रस्त्यावर उभी होती. एकटीने झेपत नव्हतं, म्हणून इंद्रावतीपलीकडे लेकीच्या गावी कायमची राहायला चालली होती. मुखरूने शेळी मागे चढवली, बुधरीला शेजारी बसवलं आणि सिरोंचाच्या पुढे इंद्रावतीच्या घाटापर्यंत नेलं. रस्ताभर ती खिडकीबाहेर पाहत होती.

घाटावर उतरल्यावर ती म्हणाली, "दादा, तुह्या घरी कोन हाय?"

"कोनी नाई."

तिने थोडा विचार केला. "माह्या लेकीच्या गावी ये. तिकडं बी सरपन फोडाले लागते."

"येईन," मुखरू म्हणाला.

डोंगा तिला, शेळीला आणि गाठोड्याला घेऊन पलीकडे गेला. मुखरू तिथे उभा राहिला, मग ट्रकमध्ये लाकडं भरून घ्यायला परतला. पुढे त्याने बऱ्याच डोंगेवाल्यांना त्या गावाची वाट विचारली. नदीपलीकडून दोन दिवसांची पायवाट होती, ट्रकचा रस्ता नव्हता, आणि डेपोवाले त्याला तेवढी सुट्टी कधी देत नव्हते. पाऊस आला, नाले भरले, वाटा बंद झाल्या. मुखरूचं जाणं राहून गेलं, ते राहूनच गेलं.